त्रासात झालेली घट

‘औषधामुळे तुमच्या त्रासात किती घट झाली?’

अर्जपटावरच्या प्रश्नाखाली शून्यापासून दहापर्यंतचे आकडे ओळीने उजळले होते. वृंदा खैरनारचे बोट त्या ओळीवर अधांतरी थांबले. तिला शून्याच्या अलीकडचा आकडा हवा होता आणि तो तिथे नव्हता.

"शून्य दाबू?" तिने विचारले.

"शून्य म्हणजे काही फरक पडला नाही," डॉ. मेघना गांगुर्डे म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला त्या शीतपेटीतून औषधाच्या कुप्या काढून ठेवत होत्या. "तुम्हाला फरक तर पडलाय."

"पडलाय ना. पण उलटा. औषध सुरू व्हायच्या आधी मला कसलाच त्रास नव्हता, डॉक्टर. आता सकाळी डोळे उघडले की सुरू होतो."

"मग खाली मोकळी जागा आहे, तिथे तसं लिहा."

"तसं लिहिलं तर औषध बंद करतील."

"करतीलही," डॉक्टर म्हणाल्या. आज दुपारी ऊन वाढेल, असे सांगावे इतक्या सहज.

अर्जपट म्हणजे हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी काळी पाटी. तिच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा होता आणि तो वृंदाकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचे बोट पाटीला लागले तर अर्ज बाद. दुसऱ्या कुणी उत्तर सुचवले तरी बाद. पूर्वी दलाल एका खोलीत बसून गावभरच्या लोकांचे अपंगत्वाचे अर्ज भरत, पैसे देऊन आणलेले मामा-मावश्या साक्षीला उभे करत. ते बंद करण्यासाठी साहाय्य निर्णय मंडळाने नियम केला होता: गरज अर्जदारानेच सांगायची, नातेवाइकाने तोंड उघडायचे नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलता येई, पण औषधाबद्दलच. रुग्णाच्या घरात काय घडते याबद्दल नाही.

वृंदाने पाटी मांडीवर ठेवली आणि खिडकीच्या निळ्या पडद्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. आज इथे आल्यापासून भीती त्या पडद्यावर येऊन बसली होती. काल ती घरातल्या कंगव्यावर होती. परवा दूधवाल्याच्या चपलांवर. माशी कुठे बसेल हे जसे सांगता येत नाही, तसेच ते होते.

"पडदा का?" डॉक्टरांनी तिच्या मानेच्या ताठरपणावरून ओळखले. "चला, जुळणी करू. कशाची भीती?"

"पडद्याची."

"पडदा काय करेल?"

"काही नाही."

"कशावरून?"

"कापड आहे. वाऱ्याने हलतंय. मागे खिडकी आहे." एकेक वाक्यासरशी तिचा श्वास थोडा थोडा खाली बसत गेला. पूर्ण बसला नाही.

"हेच लिहा ना तिथे. औषध काय करतं आणि उपचार काय करतो, दोन्ही वेगळं लिहा. मंडळाला तेच कळत नाही."

"तुम्ही एकदा सांगा. मी माझ्या शब्दांत लिहीन."

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "मागच्या पावसाळ्यात डोळेताप आला. डोळे लाल, अंग तापलेलं, तीन-चार दिवसांत बरा. तो फक्त आपल्या नदीच्या खोऱ्यात आला, आला तसा गेला. पण त्याचा विषाणू काही जणांच्या मेंदूत शिरला. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक गाठ असते. धोका दिसला की आधी ती पेटते, मग छाती धडधडते, मग पाय पळतात. विषाणू ती गाठ विझवतो. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, माया शाबूत. फक्त भीती जाते. याला आम्ही भयलोप म्हणतो. मी केलेलं भयपूरक ती गाठ पुन्हा पेटवतं, पण आंधळेपणानं. भीती परत येते. ती कशाची वाटायला हवी, ते परत येत नाही. ते पुन्हा शिकवावं लागतं, लहान मुलाला शिकवावं तसं, आठवड्यातून दोनदा, निदान दोन-तीन वर्षं. ती भीतिजुळणी. नुसतं औषध दिलं, जुळणी दिली नाही, तर माणूस कपाटात जाऊन बसेल."

"आणि औषध दिलंच नाही तर?"

"तर तुम्ही मजेत असाल."

भीतीबद्दल डॉ. गांगुर्डे नेहमी अशाच बोलत. दूरच्या एखाद्या ग्रहावरचे हवामान सांगावे तशा. वृंदाला त्याचा आधार वाटे.

ती लिहू लागली. पुढचा प्रश्न होता: ‘औषध न घेतल्यास तुम्हाला कोणता त्रास होतो?’ तिने लिहिले, ‘मला काहीही त्रास होत नाही.’ मग खाली लिहिले, ‘गेल्या ऑक्टोबरमध्ये, औषध सुरू होण्यापूर्वी, मी माझ्या चार वर्षांच्या मुलीला न्हाऊ घातले आणि केस वाळवायला गच्चीवर नेले. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. उजेड चांगला होता म्हणून मी तिला कठड्यावर बसवले. तिचे पाय बाहेरच्या बाजूला होते. मी दोन्ही हातांनी तिच्या केसांतला गुंता काढत होते. तिला कुणीही धरले नव्हते. माझे पती गच्चीवर आले आणि अगदी सावकाश चालत आमच्याजवळ आले. त्यांचा चेहरा असा का झाला आहे, असे मी त्यांना विचारले.’

लिहून झाल्यावर तिने पाटी पालथी घातली. त्या सकाळची आठवण तिच्या डोक्यात अजूनही छान होती, आणि तेच तिला सहन होत नसे. कोवळे ऊन होते. रेवा गाणे म्हणत होती. न्हाणाचा वास येत होता. औषध बंद झाले तर ती सकाळ पुन्हा छानच वाटू लागेल, आणि मग तशी दुसरीही येईल.

*

साहाय्य निर्णय मंडळाचे कार्यालय शहराबाहेरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत अकराव्या मजल्यावर होते. मार्च संपत आला होता. खालच्या दालनात संदेश रेवाला मांडीवर घेऊन बसला होता आणि दारावरच्या शिपायाशी वाद घालून दमला होता.

"गच्चीवर मी होतो," तो वृंदाला म्हणाला. "तुला तर तेव्हा कळलंही नव्हतं. आणि मीच वर यायचं नाही?"

"नियम आहे साहेब," शिपाई हसून म्हणाला. "बायकोचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं नाही. माझ्या बायकोला फार आवडला हा नियम."

"संदेश, राहू दे," वृंदा म्हणाली. "मी सांगते."

"नीट सांग. घाबरलीस तरी चालेल. उलट बरंच." मग त्याच्या लक्षात आले आणि तो ओशाळून हसला. रेवाने आईच्या ओढणीचे टोक धरून ठेवले होते. ते एकेक बोट करून सोडवावे लागले.

लिफ्टचे दार बंद झाले तसे वृंदाने डॉ. गांगुर्डेंचा हात धरला. डॉक्टर गुणगुणत होत्या.

मंडळाच्या खोलीचे दार उघडले आणि वृंदा उंबऱ्यातच थांबली.

समोर लांब टेबल होते. पलीकडे दोन माणसे बसली होती. त्यांच्या मागे भिंत नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत काच असायला हवी होती, ती नव्हती. नुसता उजेड होता, त्यात एक घार फिरत होती, आणि खूप खाली रस्ता होता. गरम वारा आत येऊन टेबलावरचे कागद उचलत होता. त्यांवर पेपरवेट ठेवले होते. मधल्या खुर्चीतला माणूस खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत होता.

"या, या, ताई. मी अहिरराव. मंडळाचा अध्यक्ष. हे बोरसे सर, संख्याशास्त्रज्ञ. बसा ना."

वृंदा दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि तिने एका हाताने दाराची चौकट धरली.

"जवळ या की."

"मी इथेच बरी आहे, साहेब."

बोरसेंनी समोरच्या पाटीवर नोंद केली. "अर्जदार घाबरलेली आहे," ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले. "औषध आज घेतलंय ना?"

"घेतलंय."

"बघा," ते अहिररावांना म्हणाले.

कशाची भीती, वृंदाने स्वतःला विचारले. काच नसलेल्या खिडकीची. खिडकी काय करेल? माणूस पडेल. कशावरून? पण इथे ती अडखळली. दोन सुशिक्षित, जबाबदार माणसे त्या उघड्या कडेला पाठ करून बसली होती. ती रोज इथे बसत असणार. काहीतरी जाळी असेल, तिला दिसत नसेल. कधी कंगवा, कधी पडदा, आज खिडकी. तिने डोळे टेबलावर खिळवले.

"ताई, तुमचा अर्ज मी दोनदा वाचला," अहिरराव म्हणाले. आवाज प्रेमळ होता. "फार प्रामाणिक आहे. पण तुम्हीच सांगा, मी हा मंजूर कसा करू? औषधाने त्रास वाढतो, असं तुम्ही म्हणता. औषध नसेल तर त्रास नाही, असंही तुम्हीच म्हणता. आणि तेच औषध सरकारने आयुष्यभर द्यावं, वर आठवड्यातून दोनदा उपचार."

"हो."

"का?"

"माझ्या मुलीसाठी."

"मुलीला काही झालं का?"

"नाही."

"मग?"

"होऊ शकलं असतं."

"होऊ तर काहीही शकतं," अहिरराव म्हणाले आणि खुर्ची मागे झुलली. वृंदाच्या घशातून आवाज निघाला. दोघांनीही तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले.

बोरसेंनी पाटी डॉक्टरांकडे वळवली. "डॉक्टर, तुमच्याशी शास्त्रीय बोलतो. भयलोपाचे आतापर्यंत जेवढे अर्ज आले, ते सगळे भयपूरक घेणाऱ्यांचे आहेत. न घेणाऱ्याचा एकही नाही. एकही! मधुमेहात असं होत नाही, फेफऱ्यात होत नाही. तिथे औषध न मिळालेला माणूस आधी आरडाओरडा करतो. इथे ज्यांनी औषध घेतलं तेच फक्त आजारी. सरळ निष्कर्ष काय निघतो?"

"औषधामुळेच आजार होतो," डॉक्टर म्हणाल्या. "आकड्यांवरून तसाच निघेल."

"मग औषध बंद केलं तर?"

"अर्ज यायचे बंद होतील. त्यात शंका नाही."

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"अर्ज बंद होतील, एवढं मान्य आहे. आजार बंद होणार नाही. औषध न घेणाऱ्या रुग्णाला काही दुखतच नाही, तो कशाला अर्ज करेल?"

"मग तो तुमच्याकडे तरी कसा येतो?"

"त्याला दुसरं कुणीतरी आणतं. ज्याला त्याची भीती वाटते असं कुणीतरी."

बोरसे हसले. "म्हणजे नातेवाईक. आणि नातेवाइकांचं आम्ही ऐकत नाही, कारण ते खोटं बोलतात."

हे बोलणे चालू असताना वृंदाच्या मनात काहीतरी सरकले. आजारी पडण्याआधी ती माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करत असे. तिथे नमुने यायचे ते पीक पिवळे पडलेल्या शेतांतले. हिरव्या शेतातली माती कुणी आणत नसे. आलेल्या नमुन्यांवरून तालुक्याच्या जमिनीबद्दल बोलायचे नाही, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगे. नमुना कुणी आणला आणि त्याला काय दिसले म्हणून आणला, हे आधी विचारायचे.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्याकडे रुग्णांना घेऊन येतात, त्यांना स्वतःला डोळेताप येऊन गेलेला असतो का?"

डॉक्टर थांबल्या. "ते आम्ही विचारत नाही. थांबा, आठवते. एकीला तिच्या आईने आणलं, आई गुजरातेतून आली होती. एकाला भावाने, तो सैन्यात आहे. तुम्हाला..."

"संदेशने. तापाच्या वेळी तो दुबईत होता. ऑक्टोबरमध्ये परत आला. माझ्या सासूबाई घरातच होत्या. त्यांना ताप आला होता. मी रेवाला कठड्यावर बसवलं तेव्हा त्याही गच्चीवर होत्या, डॉक्टर. वाळवण उलटत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत."

बोरसेंनी उडू पाहणारा एक कागद पेपरवेटखाली सारला.

"म्हणजे ‘काही जणांच्या मेंदूत’ असं जे आपण म्हणतो," वृंदा हळूहळू म्हणाली, "ते फक्त बाहेरून आलेल्या माणसाने बघितलेले काही जण. ज्यांच्या घरी बाहेरून कुणी आलं नाही, त्यांचं काय? जिथे सगळ्यांनाच ताप आला, तिथे कोण कुणाला आणणार?"

"चांगला प्रश्न आहे," डॉक्टर उत्साहाने म्हणाल्या. "फारच चांगला."

वृंदाने नजर वर केली. चौकटीवरची तिची बोटे पांढरी पडली होती. "साहेब, तुम्हाला ताप आला होता?"

"सगळ्या इमारतीला!" अहिरराव म्हणाले. "एकाच आठवड्यात. आमचे डोळे असे लाल, की बोरसेंना मी भांग घेतलीत का म्हणून विचारलं."

"तुमच्या मागे काच नाही."

"माहीत आहे की. पावसाळ्यापासून नाही."

"जाळी आहे का?"

"जाळी कशाला?"

"खरंच नाही का?" डॉ. गांगुर्डे म्हणाल्या आणि उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या सरळ कडेपर्यंत गेल्या. एक हात कमरेवर ठेवून बाहेर वाकल्या आणि खाली पाहू लागल्या. वाऱ्याने त्यांची ओढणी बाहेर उडाली. "नाही. जाळी नाही. सरळ खाली रस्ताच आहे."

वृंदा केव्हा उठली आणि टेबलाला वळसा घालून कशी गेली, हे तिला नंतर आठवले नाही. तिने डॉक्टरांचा दंड दोन्ही हातांनी धरून मागे ओढला. दोघी टेबलावर आदळल्या.

"अहो, काय झालं?" डॉक्टरांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसते कुतूहल होते.

तसेच कुतूहल गच्चीवर तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असणार.

"तुम्हालाही ताप आला होता," वृंदा म्हणाली.

"हो. पण मला काही त्रास..." डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडले. मग त्या स्वच्छ हसल्या. "कमाल आहे. भयपूरक करताना सगळे विचारायचे, एवढ्या तातडीने का करताय. मी म्हणायचे, उत्सुकता. आणि खरंच तेवढंच होतं. स्वतःवर वापरून बघायचं कधी सुचलंच नाही. गरजच वाटली नाही."

वृंदा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आपल्यासारखे थोडे आहेत आणि बाकीचे शहर शाबूत आहे, असे ती आजवर धरून चालली होती. बस चालवणारे, शाळेची वीज बघणारे, औषधे मापून देणारे. ती भीती आता कशावरही जाऊन बसत नव्हती. ती सगळीकडे होती आणि या वेळी तिला हटवायला एकही वाक्य सापडत नव्हते.

तरी अर्ज बाकी होता. तिने तोच धरला. "साहेब, माझा अर्ज तुम्ही का मंजूर करत नाही?"

"आकडे सांगतात ना बोरसेंचे."

"मंजूर केलात तर काय होईल?"

अहिररावांनी विचार केला. "लेखापरीक्षणात आक्षेप निघेल."

"मग?"

"चौकशी लागेल. मला."

"त्याचं तुम्हाला काय वाटतं?"

ते खरोखरच शोधत होते. चष्मा कुठे ठेवला हे आठवावे तसे. "काही नाही," ते शेवटी म्हणाले. "काहीच वाटत नाही. करू या की मंजूर." त्यांनी पाटी पुढे ओढली, अंगठा टेकवला. भयपूरक आयुष्यभर, भीतिजुळणी आठवड्यातून दोनदा. पाटी वृंदाकडे सरकली. ज्यासाठी ती महिनाभर झोपली नव्हती, ते एवढ्यात झाले होते.

तिला रडू आले नाही. ती त्या अंगठ्याकडे बघत होती.

"हा अंगठा तुम्ही आणखी कशाकशावर लावता?"

"येईल त्याच्यावर. इमारत माझ्याकडे आहे, समित्या आहेत. तुम्हाला काही हवंय का? लिहा, मी सही करतो."

"सगळ्यांनाच भयपूरक द्यायचा हुकूम काढायचा का?" बोरसे मदतीच्या सुरात म्हणाले. "जिल्हाभर. कोण अडवणार आहे?"

"पाण्यातून देता येईल," डॉ. गांगुर्डेंचे डोळे चमकले. "जुळणीला माणसं नाहीत, पण सगळं शहर एकदम घाबरलं तर काय होतं, ते बघायला मिळेल."

वृंदाला कपाटात बसलेले एक अख्खे शहर दिसले. कंगव्याला घाबरलेल्या आया आणि आयांना घाबरलेली मुले. "नाही," ती ओरडली. "नको. असं काही करू नका. मी विचार करते. आधी... आधी एवढी काच बसवून घ्या."

"तीनदा बसवली," अहिरराव म्हणाले. "फुटते. चौकटच तिरकी झालीय, काच राहतच नाही तिच्यात. दारंही लागत नाहीत आता. खालच्या मजल्यावर तर विटा लावून ठेवतात."

"कधीपासून?"

"पावसाळ्यात थोडं होतं. या महिन्यात जास्त. उन्हाळा लागला तसं."

कशाची भीती? वृंदाने विचारले, आणि या वेळी उत्तरे आपोआप येत गेली. इमारतीची. इमारत काय करेल? कशावरून? इथली जमीन काळी आहे, तिने स्वतः तपासलेली. पावसात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. पाया तिच्या खालपर्यंत गेला नसेल तर तो मातीबरोबर हलतो, आणि चौकोनी चौकट तिरकी होते. आधी काचा जातात, मग दारे. मग खांब. ही भीती पडद्याची नव्हती. पहिल्यांदाच ती जिथे बसायला हवी तिथेच बसली होती.

खाली रेवा होती.

पळा, असे ओरडून काही होणार नाही हे तिला कळत होते. त्यांनी फक्त विचारले असते, का. तिने पाटी ओढली आणि लिहिले: ‘ही इमारत धोकादायक झाली आहे. सर्वांनी ताबडतोब जिन्याने उतरून इमारत रिकामी करावी.’

"यावर सही करा."

"करतो की."

हुकूम ध्वनिक्षेपकावर वाचला गेला. अकरा मजले उठले. जिन्यावर गर्दी झाली, पण रेटारेटी नव्हती. लोक गप्पा मारत उतरत होते. कुणी चहाचा पेला हातात घेऊन निघाले होते, कुणी मधल्या मजल्यावर मैत्रिणीसाठी थांबले होते. "लवकर जेवायची सुट्टी दिली वाटतं," एक बाई म्हणाली, आणि हशा पिकला. वृंदा त्यांच्यातून वाट काढत होती. "सरका, सरका हो," म्हणताना तिचा आवाज फाटत होता, आणि लोक हसतमुखाने बाजूला होत होते. एके ठिकाणी भिंतीतून बारीक कुरकुर ऐकू आली. तिच्याखेरीज कुणी मान वळवली नाही.

दालनात संदेश उभा होता. तिचा चेहरा बघताच त्याने काही न विचारता रेवाला उचलले. तिघे दारातून बाहेर पडले, आवार ओलांडून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या मोकळ्या मैदानापर्यंत पळत गेले. तिथे वृंदा थांबली. रेवाच्या पाठीवर हात ठेवला. रेवाचे काळीज धडधडत होते. ताप आला तेव्हा ती संदेशच्या बहिणीकडे पुण्याला होती.

"सगळे बाहेर पडले," संदेश बऱ्याच वेळाने म्हणाला. "तुझा अर्ज?"

"झाला मंजूर."

त्याने डोळे मिटले. वृंदा मात्र मागे वळून बघत होती.

माणसे इमारतीतून बाहेर आली होती, शेवटच्या शिपायापर्यंत. हुकूम पूर्ण पाळला होता. दुपारचे ऊन कडक होते आणि आवारात एकच सावली होती. इमारतीची. माणसे भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, ओट्यावर ऐसपैस बसली होती. डबे उघडले जात होते. डॉ. गांगुर्डे भिंतीला कान लावून काहीतरी लक्षपूर्वक ऐकत होत्या. किती लांब जायचे, ते हुकमात लिहायचे राहून गेले होते.

वृंदाने काखेत राहून गेलेल्या पाटीकडे पाहिले. नवा हुकूम लिहिता आला असता. सही मात्र तिकडेच होती.

"वृंदा, जाऊ नकोस," संदेश म्हणाला.

"सही घेऊन येते."

रस्ता ओलांडताना ती दोनदा थांबली. सावलीच्या कडेला अहिरराव दिसले. त्यांनी तिला पाहिले, शेजारची जागा रुमालाने झटकली आणि हात उंच करून हाक मारली.

"या ताई, या! इकडे गार आहे."